तुम्ही विचारलंत म्हणून: पवईला एवढं काय आहे?

"दर रविवारी पवई तलावावर जाता. पोहता येत नाही, होडीत बसत नाही, मग तिथे करता तरी काय?" हे सोसायटीत विचारून झालंय, ऑफिसात झालंय, सासरीही झालंय. लिफ्टमध्ये उभ्या उभ्या सांगण्यासारखं ते नाही, म्हणून लिहिते.

मी बसते. आदि शंकराचार्य मार्गाच्या कडेने, तलावाला लागून फिरायची वाट आहे. पहिली दहा मिनिटं पाठीमागच्या गाड्याच ऐकू येतात. मग हळूहळू कान पाण्याकडे वळतो. टिबुकली बुडी मारते आणि भलतीकडेच वर येते. पाणकावळा पंख पसरून वाळवत बसतो. कमळपक्षी लांबलचक बोटांवर भार वाटून घेत पानापानांवरून चालतो. कमळपक्ष्यांत अंडी उबवायची आणि पिल्लं सांभाळायची ती नराने. हे कळल्यापासून पावसाळ्यात मी पिल्लांमागे फिरणारा बापच शोधत असते.

पण तो चालतो ती बहुतेकदा जलपर्णी असते, आणि ते मला टोचतं. तलावात सांडपाणी येतं, त्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर ती माजते आणि खालच्या पाण्याचा उजेड नि प्राणवायू हिरावते. लांबून हिरवागार दिसणारा तलाव खरं तर आजारी असतो. १८९१ साली हा बांधला तो मुंबईला प्यायचं पाणी मिळावं म्हणून. पुढे ते पिण्याजोगं राहिलं नाही. आता कारखान्यांना आणि आरे वसाहतीला जातं. ५४५ कोटी लिटरचा हा साठा पावसाळ्यात भरून वाहिला की पाणी मिठी नदीला मिळतं. म्हणजे इथली घाण इथेच थांबत नाही.

आणि हो, मगरी. आहेत. थंडीत सकाळी त्या उन्हाला येतात, कारण अंगातली ऊब त्यांना बाहेरूनच घ्यावी लागते. तासभर न हललेला ओंडका एकदम सरकतो, तेव्हा काठावरची अनोळखी माणसंसुद्धा एकमेकांना कोपराने ढोसतात. तलावाकाठी सायकल ट्रॅक होणार होता. मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने ते काम बेकायदा ठरवलं. सायकल मलाही आवडते, पण त्या दिवशी मला फार बरं वाटलं. मगरीला ऊन खायला, अंडी घालायला काठच लागतो. आपल्याला फिरायला बाकीची मुंबई आहे.

येणार असाल तर डिसेंबर-जानेवारीत या, उजाडता उजाडता. पाण्याच्या अगदी कडेला उतरू नका. पाव, फरसाण, निर्माल्य काहीही टाकू नका. मुलांना जरूर आणा, फक्त पहिली दहा मिनिटं त्यांना धीर धरायला सांगा. दुर्बीण नसली तरी चालेल, माझी आहे. साडेसहापासून मी तिथेच असते.