हॉबसाठी चारचीच वायर का घेतली

दोन चुलींचा इंडक्शन हॉब ओट्यात बसवायचं ठरलं. दुकानदार म्हणाला, "पॉवर पॉइंट आहे ना, मग झालं." वायरमन भाऊ म्हणाले, "अडीचची ओढू, सगळीकडं तीच चालते." (वायरीची जाडी चौरस मिलिमीटरमध्ये सांगतात : अडीचची, चारची, सहाची.) हॉब उलटा करून खालची पट्टी मात्र दोघांनीही वाचली नव्हती. तिच्यावर होतं : ३५०० वॉट. २३० व्होल्टनं भागलं की १५.२ अँपिअर.

मोठ्या सॉकेटची मर्यादा १६, म्हणजे कागदावर बसतं. पण मिक्सर दोन मिनिटं फिरतो आणि थांबतो. हॉबवर वरण-भाजी एकदम चढली की काम लांबतं. (भाकरी गॅसवरच राहिली. ज्वारीची भाकरी जाळावर फुगवायची, तिथं इंडक्शनचा उपयोग नाही.) इतका वेळ काठोकाठ करंट वाहिला की आधी सॉकेट तापतं. आमच्याच घरात गिझरचं जुनं सॉकेट उघडलं, तर फेजच्या स्क्रूपाशी प्लास्टिक तपकिरी पडलेलं आणि वायरचं आवरण नखानं तुटेल इतकं कडक. म्हणून प्लग नकोच म्हटलं. मेन बोर्डापासून स्वतंत्र लाइन, २० अँपिअरचा एमसीबी (करंट मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच) आणि ओट्याशेजारी हाताशी येईल असा, फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणारा डबल पोल स्विच.

एमसीबी असतो वायर सांभाळायला. म्हणून २० चा एमसीबी लावायचा तर वायरीला निदान २० अँपिअर सोसले पाहिजेत. भिंतीतल्या पाईपमधून जाणारी अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर क्षमतेच्या तक्त्यात २४ अँपिअरची दिसते. पण तो तक्ता ३० अंशांचा, आणि आमच्या परभणीत मे महिन्यात रात्री जेवणाच्या वेळीही ३० अंश नसतं. पाईप पश्चिमेच्या भिंतीतून वर स्लॅबला लागून जातो. तिथं ४५ अंश धरले तर साध्या पीव्हीसी वायरीची क्षमता ०.७९ पट होते. त्याच पाईपमधून फ्रिजची लाइन जाते, त्यासाठी आणखी ०.८ पट. हाती उरले १५ अँपिअर. म्हणजे एमसीबी पडायच्या आत वायरच भाजून निघायची. हाच हिशोब चारच्या वायरीला लावला तर ३२ वरून २० वर येतो. अगदी जेमतेम, पण बसतो.

"मग सहाचीच टाका की," असं दीर म्हणाले. पाईप पाऊण इंची, त्यात फ्रिजच्या वायरी आधीच. सहाची ताठ वायर वळणावर अडकली असती. बोर्ड ते ओटा वीसेक मीटर अंतर. तेवढ्या अंतरात चारच्या वायरीत पूर्ण लोडवर २३० मधले तीनेक व्होल्टच कमी होतात, म्हणजे तिकडूनही सहाची गरज नव्हती.

भाऊ आधी म्हणाले, "ताई, कशाला खर्च वाढवायलात?" वहीतले आकडे दाखवल्यावर त्यांनी मान डोलावली आणि वर मलाच ऐकवलं, "जॉइंट ढिला राहिला तर दहाची वायरही जळते." यातलं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. मधे कुठंही जोड न देता वायर सलग ओढली. बारीक तारा पिळून तशाच स्क्रूखाली न दाबता टोकांना पिना दाबून बसवल्या. एमसीबीचा स्क्रू आवळला, वायर ओढून पाहिली, पुन्हा आवळला. लाल, काळी, हिरवी, तिन्ही वायरींवर आयएस ६९४ (अशा वायरींच्या भारतीय मानकाचा क्रमांक) छापलेलं मी दुकानातच बघून घेतलं होतं.

चालू केल्यावर दोन्ही चुलींवर पाण्याची पातेली ठेवून फुल्ल करून बघितलं. भाऊंनी एमसीबीला हाताची पालथी बाजू लावली. कोमट लागला, तो चालतो. चटका बसला तर लाइन बंद करून स्क्रू पुन्हा बघायचा, असं त्यांनी सांगून ठेवलंय. आरसीसीबीचं (करंटची गळती झाली की वीज तोडणाऱ्या स्विचचं) टेस्ट बटणही दाबून दाखवलं.

एक राहिलंच होतं. वीजबिलावर मंजूर भार २ किलोवॉट होता आणि एकटा हॉबच साडेतीनचा. तेव्हा महावितरणकडे भार वाढवायचा अर्ज केला. मीटरपासून मेन बोर्डापर्यंतची जुनी वायरही भाऊंनी त्याच वेळी तपासून बदलली.