आमची वाटचाल : मोटार थांबवण्याचे काम

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत आम्ही नव्वदच्या दशकात सुरुवात केली ती विजेच्या मोटारींच्या रिवाइंडिंगने, म्हणजे जळालेली तारेची गुंडाळी नव्याने भरण्याने. फाउंड्री, सॉ मिल आणि साखर कारखान्यांतून जळालेल्या मोटारी येत, आणि त्यांतील काही वर्षभरात पुन्हा आमच्याच बाकावर असत. त्यांच्यावर भार जास्त नव्हता. त्या चालताना नव्हे, तर वारंवार थांबवताना जळत होत्या.

कारण बहुधा प्लगिंगचे असे. दोन फेजची अदलाबदल केली की फिरती मोटार झटक्यात थांबते खरी, पण त्या वेळी स्लिप, म्हणजे फिरते चुंबकीय क्षेत्र आणि रोटर (मोटारीचा फिरणारा भाग) यांच्या वेगांतील फरकाचे प्रमाण, 2 च्या जवळ असते, प्रवाह सुरुवातीच्या प्रवाहाहूनही वाढतो आणि वेग शून्यावर येईपर्यंत फिरत्या भागांच्या गतिज ऊर्जेच्या सुमारे तिप्पट उष्णता रोटरमध्ये साठते. त्यात वेग शून्यावर येताच पुरवठा तोडणारा झिरो स्पीड स्विच बिघडला, तर मोटार उलटी फिरू लागते. दिवसातून एक-दोनदा थांबणाऱ्या लहान मोटारीला हे चालून जाते. तासाला अनेकदा थांबणाऱ्या मोटारीला नाही.

म्हणून आम्ही डीसी इंजेक्शनची पॅनेल बनवू लागलो. एसी काँटॅक्टर (पुरवठा जोडणारा-तोडणारा स्विच) सुटल्यावर स्टेटरला, म्हणजे मोटारीच्या स्थिर भागाला, डीसी दिला की चुंबकीय क्षेत्र स्थिर होते, फिरता रोटर ते छेदत मंदावतो आणि रोटरमधली उष्णता साधारण गतिज ऊर्जेइतकीच राहते. मात्र स्टेटरमधील चुंबकत्व ओसरण्याआधी डीसी सोडल्यास एसीचा डीसी करणारा रेक्टिफायर उडण्याची भीती असते, त्यामुळे दोन्ही काँटॅक्टर एकाच वेळी लागू न देणारे इंटरलॉक आणि मधला टायमर यांवर आम्ही कधीच काटकसर केली नाही. या पद्धतीत मोटार थांबताच पकडही संपते. यांत्रिक ब्रेक काढून केवळ डीसीवर होइस्ट (भार उचलणारे यंत्र) चालवण्याची मागणी अधूनमधून येते आणि ती आम्ही नाकारतो. त्यापायी गेलेल्या ऑर्डरची आम्हाला खंत नाही.

व्यवसायाला खरे वळण दिले ते साखर कारखान्यांतील बॅच सेंट्रिफ्युगलने. साखरेपासून मळी वेगळी करण्यासाठी या यंत्राची जड बास्केट मिनिटाला हजाराहून अधिक फेरे घेते आणि साखर खरवडून काढण्यासाठी दर चार्जला, म्हणजे प्रत्येक भरणीला, ती अगदी मंद करावी लागते. हे तासाला वीसएक वेळा, अख्खा गळीत हंगाम. वेग निम्म्यावर आणला की तीन चतुर्थांश ऊर्जा मोकळी होते. जुन्या पोल बदलणाऱ्या (दोन वेगांच्या) मोटारी कमी वेगाच्या वाइंडिंगवर येताच जनित्रासारख्या वागून त्यातला मोठा वाटा लाइनला परत देत. ही रचना जुनी असली तरी आमच्या मते आजही अभ्यासण्याजोगी आहे.

पुढे व्हीएफडी, म्हणजे वारंवारता बदलून मोटारीचा वेग बदलणारे ड्राइव्ह, आले. 415 व्होल्ट पुरवठ्यावर ड्राइव्हच्या आतल्या डीसी बसवर सुमारे 585 व्होल्ट असतात; ब्रेक लागताना ते चढतात आणि ठरलेल्या मर्यादेला चॉपर हा इलेक्ट्रॉनिक स्विच ती वीज रेझिस्टरमध्ये जाळतो. सॉ मिलला हे पुरेसे आहे. सेंट्रिफ्युगलला मात्र आम्ही वीज परत पाठवणारेच ड्राइव्ह सुचवतो, कारण सहवीजनिर्मिती करणाऱ्या कारखान्यात वाचलेले युनिट विकता येते.

आज कोटेशन देण्यापूर्वी आम्ही फिरत्या भागांचे जडत्व, तासाला किती वेळा थांबायचे आणि वीज गेल्यावर काय अपेक्षित आहे, हे विचारतो. तिसऱ्या प्रश्नावर बहुतेक ग्राहक अडखळतात. पुरवठा नसताना डीसी इंजेक्शन किंवा प्लगिंग काहीच करत नाही, म्हणून करवतीच्या पात्यासारख्या धोक्याच्या ठिकाणी स्प्रिंगचा यांत्रिक ब्रेक आम्ही पॅनेलच्या किमतीतच धरतो.