पुराची रेघ कागदावर चढवताना : माझा अनुभव

ओढ्यावरचा फरशी पूल पाडून उंच पूल बांधायचा, याला ग्रामसभेचा ठराव, पत्रं, मंजुरी सगळं सुरळीत मिळालं. अडलं ते एका आकड्यावर. पुराची कमाल पातळी!

आमचं गाव सांगली जिल्ह्यात, कृष्णाकाठी. अंदाजपत्रकात पातळी धरली होती २००५ च्या पुराची. त्या साली सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी, जिथं पुराची पातळी मोजतात, पाणी ५३ फुटांवर होतं, २०१९ ला ५७ च्या वर गेलं. म्हणजे नवा पूल बांधायचा तोच बुडायला. कचेरीतल्या टेबलावर हे सांगितलं तर उत्तर आलं, "आयर्विनचा आकडा तुमच्या गावाला चालत नाही." खरंय, नदीला उतार असतो. मग गावातली पातळी मोजा म्हटलं, तर "त्याला पुरावा काय?"

देवळाच्या भिंतीवरची २०१९ च्या पुराची रेघ रंगरंगोटीत गेलेली. शाळेच्या मागच्या भिंतीला मात्र कुणी हात लावला नव्हता. तिथं गाळाची रेघ स्पष्ट होती आणि खिडकीच्या गजात उसाची पाचट अजून अडकलेली. फोटो नेले. "फोटोवर लेव्हल नसते." म्हणजे मोजलेली उंची. अर्ज दिला. "साहेब साइटवर गेलेत." पुन्हा गेलो तर फाईल संकल्पचित्र शाखेत, म्हणजे पुलाचं डिझाइन करतात तिथं. (अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या, नाहीतर तुमचा अर्ज आलाच नव्हता.) तिथं नवीनच ऐकलं. ओढ्याच्या पाणलोटावरून विसर्ग, म्हणजे सेकंदाला किती पाणी वाहणार ते, काढलाय, तेवढ्याला पुलाखालचे हे गाळे पुरतात. अहो, पण आमचा ओढा स्वतःच्या पाण्यानं कुठं बुडतो? कृष्णेचा फुगवटा उलटा आत शिरतो, त्यानं बुडतो! हे त्या कचेरीत किती तोंडांना सांगितलं ते विचारू नका. "असा पूर पन्नास वर्षांतनं एकदा येतो हो," असंही एकानं ऐकवलं. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात ६०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला आणि कृष्णा पुन्हा २००५ च्या वर गेली, हे बहुतेक त्यांच्या टेबलापर्यंत पोचलं नव्हतं.

शेवटी एका तरण्या शाखा अभियंत्याला पटलं. तो उंची मोजायचं लेव्हल मशीन घेऊन आला, शाळेच्या भिंतीला पट्टी मी धरली. जुन्या पातळीत आणि रेघेत कमरेइतका फरक निघाला. त्यानं वहीत आकडा लिहिला तेव्हा माझी छाती फुगली, खोटं कशाला बोलू.

रेघ पुसली असेल तर तलाठ्याकडचे २०१९ चे पंचनामे माहितीच्या अधिकारात मागा. कुणाच्या घरात किती पाणी होतं ते त्यात सापडू शकतं. आणि पूल पुराच्या पातळीला टेकवून चालत नाही, खाली मोकळी जागा लागते. सेकंदाला ३० ते ३०० घनमीटर विसर्गाला ९०० मिलिमीटर, असा नियम आहे. नाहीतर ओंडके, पाचट तुंबून पूलच बांध होतो.

सुधारित नकाशा आलाय. पण जोडरस्त्याच्या भरावात मोऱ्या दोनच दाखवल्यात, पाणी अडून वरच्या वस्तीत घुसणार. त्याचा अर्ज सोमवारी दिलाय. पोच घेतली.