आमच्या घरातली मोरी

आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती आधी हसली, मग म्हणाली, "मेल्या, मोरी खाऊची सोडून पाळतंस कित्याक?" आम्ही मूळचे मालवणचे. मुंबईचे कोळी जिला मुशी म्हणतात ती आमची मोरी, म्हणजे शार्क, आणि आमच्या घराण्यात मोरीचा संबंध आजवर फक्त पातेल्याशी आलेला. समुद्रापासून दीडशे किलोमीटर लांब पुण्यात बसून, मीठ विकत आणून, नळाच्या पाण्यात कालवून कुणी मोरी पाळतो हे तिला पटणं शक्यच नव्हतं. खरं सांगायचं तर बायकोलाही पटलं नव्हतं. पण खाऱ्या पाण्याची चार फुटी टाकी सहा वर्षं सांभाळली होती, जोकर मासे म्हातारे झाले होते, आणि माझ्या डोक्यात किडा शिरला होता.

ठाण्यातल्या एका मित्राकडे ब्राउनबँडेड बांबू शार्कची जोडी होती. तळाशी पडून राहणारी, रात्री हिंडणारी, माणसाला काही न करणारी जात. मादी वरचेवर दोन-दोन अंडी घालायची. मी एक मागितलं तर म्हणाला, "आधी मोठ्या टाकीची जागा दाखव, मग अंडं." तेव्हा राग आला होता. दुकानात वीतभर पिल्लू दाखवून "साहेब, ही लहानच राहते" असं सांगणारे भेटले होते, म्हणून मलाही वाटत होतं की चार फुटांत भागेल. लहान म्हणजे पांढऱ्या शार्कच्या मानाने लहान! ही जात मीटरभर वाढते. चार फुटी टाकीत मीटरभराचा प्राणी म्हणजे न्हाणीघरात म्हैस.

मेहुणा सिव्हिल इंजिनिअर. त्याला आठ बाय चार फुटांची टाकी सांगितली. त्याने पहिला प्रश्न विचारला, "खाली पार्किंग आहे का?" नव्हतं. आमचा तळमजला थेट जमिनीवर. त्याने कागद ओढला. पाणी वीस इंच भरलं तरी दीड हजार लिटर, म्हणजे दीड टन. काच, वाळू, दगड, स्टँड वेगळं. घराचा स्लॅब धरतात चौरस मीटरला दोनशे किलोच्या हिशेबाने, आणि इथे सहाशेच्या वर जात होतं. "वरच्या मजल्यावर असतास तर तुझ्याकडे जेवायलासुद्धा आलो नसतो," म्हणाला. हॉलमधला सोफा गेला तो त्या दिवशी.

2020च्या फेब्रुवारीत अंडं आलं. थर्माकोलच्या खोक्यात, पाण्याच्या पिशवीत, शिवनेरीने, मित्राच्या मांडीवर. अंडं म्हटलं की जे डोळ्यांपुढे येतं तसं काही नसतं ते. तपकिरी, चामड्यासारखी चपटी पिशवी, तळहाताएवढी, कडेला केसांसारखे तंतू. समुद्रात ते तंतू दगडाला, शेवाळाला अडकून बसतात. मी ते प्लॅस्टिकच्या जाळीदार डब्यात ठेवून जुन्या टाकीतच सोडलं आणि रात्री मागून मोबाइलचा टॉर्च मारला. आत पिवळा बलक, आणि बलकाला लटकलेला एक दोरा. दोरा हलत होता. मुलीला झोपेतून उठवून दाखवला, तिने बघितला आणि परत झोपायला गेली.

पुढचे तीन-चार महिने रोज रात्रीचा तोच कार्यक्रम. दोऱ्याला डोकं आलं, डोक्यावर दोन ठिपके आले, मग पट्टे. आत पिल्लू शेपटी सतत हलवत राहतं, त्याने पिशवीतल्या फटींमधून ताजं पाणी आत खेळतं. मात्र भक्ष्य शोधणारं कुणी जवळ आल्यासारखं वाटलं की ते श्वाससुद्धा थांबवून गप्प होतं. शिकाऱ्याच्या अंगातून येणारं विजेचं बारीकसं क्षेत्र त्याला अंड्यातून कळतं. हे 2013 साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी नेमकं याच जातीवर दाखवून दिलं आहे. ही वीज ओळखण्याची गोष्ट मला पुढे महागात पडणार होती.

मार्चच्या शेवटी लॉकडाऊन लागला. माझ्याकडे मिठाची दीड बादली. टाकीचं मीठ म्हणजे स्वयंपाकघरातलं नव्हे, त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, आयोडीन सगळं मोजून असतं. लिटरला साधारण पस्तीस ग्रॅम. एरवी दर रविवारी पाणी बदलायचो, आता पंधरा दिवसांनी, तेही हात आखडून. नायट्रेट वाढत होतं आणि मी टेस्टकिटची नळी खिडकीत धरून लाल रंग गुलाबी आहे असं स्वतःला समजावत होतो.

29 मेला सकाळी डबा उघडला तर पिशवी रिकामी. कोपऱ्यात पंधरा सेंटिमीटरची पिल्लू शार्क, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, पोट फुगलेलं. मुलीने नाव ठेवलं पट्टू. हे पट्टे वयाबरोबर पुसट होतात आणि मोठेपणी प्राणी मातकट दिसतो हे मी तिला सांगितलं नाही. पोटाखाली शेपटीच्या बाजूला नराला दोन बोटांसारखे अवयव असतात, ते नव्हते, म्हणजे मादी.

पहिले काही दिवस पिल्लू पोटातल्या बलकावर जगतं, खात नाही. हे माहीत असूनही मी चिमट्यात कोळंबीचा तुकडा धरून तासन् तास बसलो होतो. पाचव्या दिवशी, 3 जूनला, निसर्ग चक्रीवादळ अलिबागकडून चढलं आणि पुण्यात झाडं पडायला लागली. दुपारी वीज गेली ती गेलीच. इन्व्हर्टरवर पंखे बंद करून फक्त हवेचा पंप ठेवला. रात्री इन्व्हर्टर रडायला लागला तेव्हा टॉर्चच्या सेलवर चालणारा एक छोटा पंप लावला, आणि सेल संपल्यावर मी आणि बायकोने आळीपाळीने मगने पाणी उचलून वरून ओतलं. पहाटे चारपर्यंत. बांबू शार्क ओहोटीला डबक्यात अडकूनही तगणारी जात, कमी ऑक्सिजन बराच वेळ सोसते. जोकर मासे गेले, पट्टू वाचली. सकाळी वीज आल्यावर तिने पहिला घास घेतला, माकुलाचा, नखाएवढा. बायको म्हणाली, "आता हिला काही झालं तर मी तुला सोडणार नाही." तेव्हा कळलं की घरातला विरोध संपला.

मोठी टाकी 2021मध्ये बसली. वाळू बारीक घ्या, बोचरा कोरलचा चुरा नको, पोट खरवडतं. दगड आधी काचेवर पक्के बसवले आणि वाळू नंतर ओतली, कारण ही बया दगडाखाली उकरते आणि वाळूवर ठेवलेला दगड अंगावर पाडून घेते. हीटर टाकीत ठेवलाच नाही, खालच्या सम्पमध्ये, म्हणजे पाणी गाळायच्या वेगळ्या टाकीत ठेवला. तळाशी पडून राहणारा प्राणी गरम काचेला टेकून झोपतो आणि भाजतो. टाकी भरायला पन्नास किलोच्या वर मीठ लागलं, मग दीड महिना रिकामं पाणी फिरवत अमोनिया शून्यावर यायची वाट. उन्हाळ्यात चिलर. वीजबिल विचारू नका.

दिवाळीच्या आसपास पट्टू डाव्या कोपऱ्यात जायची बंद झाली. रात्री सगळीकडे फिरायची, तिथे आली की झटक्यात वळायची. घासही सोडायला लागली. पाणी तपासलं, सगळं जागच्या जागी. तीन आठवडे मी तिला आजारी समजत होतो. एका दुकानदाराने निळं औषध दिलं, घरी येऊन बाटली वाचली तर मोरचूद. तांबं शार्कला आणि पाकटांना, म्हणजे स्टिंगरेंना, विष आहे. बाटली परत नेऊन दिली. शेवटी मेहुण्याने टेस्टर आणला. डाव्या कोपऱ्यातल्या पंपाची वायर चिरली होती आणि पाण्यात बारीक गळती होती. हात घालून मला काही जाणवत नव्हतं. पंप बदलला, टाकीला अर्थिंग दिलं, दोन दिवसांनी ती त्याच कोपऱ्यात पसरलेली.

आता पाकटाचं. हे लिहायला नको वाटतं, पण लिहितो. 2022मध्ये एका दुकानात निळ्या ठिपक्यांचं पाकट दिसलं. ताटलीएवढं, पिवळसर अंगावर निळे टिकले. टाकीत जागा होती. दुकानदार म्हणाला, "खातं, आमच्याकडे छान खातं." मी खाताना पाहिलं नाही, पाहायचं सुचलंही नाही. या जातीची पाकटं घरच्या टाकीत बहुतेक उपाशी मरतात हे मी वाचलेलं होतं, आणि वाचूनही घेतलं. कोळंबी, माकूल, जिवंत करंदी, शिंपल्याचा गर, सगळं देऊन झालं. ते तोंडावरून तुकडा जाऊ द्यायचं आणि वाळू उडवून घ्यायचं. कमरेची हाडं म्हणावीत तशी शेपटीच्या बुडाशी दोन टोकं वर आली. तेविसाव्या दिवशी गेलं. उचलताना शेपटीचा काटा विषारी असतो म्हणून जाड रबरी हातमोजे घातले होते. आजोबा मासेमारीला जायचे तेव्हा जाळ्यात पाकट आलं की आधी शेपटी छाटायचे, ते आठवलं.

आता कुणी विचारलं तर मी दोन गोष्टी सांगतो: दुकानात तुमच्यासमोर खाल्ल्याशिवाय घेऊ नका, आणि पक्कं बिल मागा. काही पाकटं, करवतमासा, व्हेल शार्क 2001पासून वन्यजीव कायद्याच्या अनुसूचीत आहेत, आणि 2022च्या दुरुस्तीनंतर ती यादी वाढली. दुकानदाराला जात धड सांगता येत नसेल तर बाहेर पडा.

आई दोन वर्षांपूर्वी कायमची पुण्याला आली. मासे आणायला आम्ही गणेश पेठेत जातो, पट्टूसाठी कोळंबी, माकूल, बांगडा असं आलटून-पालटून. नुसत्या कोळंबीवर ठेवलं तर जीवनसत्त्व कमी पडतं, आयोडीन कमी पडलं तर गळ्याखाली गलगंड येतो. आठवड्यातून तीनदा जेवण. आई तुकडे करते, कारण मी करतो ते तिला पाहवत नाहीत. मोरीचं कालवण मात्र तिने बंद केलेलं नाही. टाकीकडे पाठ करून जेवते, एवढंच.

2024च्या पावसाळ्यात एका सकाळी वाळूवर दोन तपकिरी पिशव्या. नर टाकीत कधी नव्हताच, म्हणजे पोकळ. पण हिच्या बहीण जातीत, पांढऱ्या ठिपक्यांच्या बांबू शार्कमध्ये, 2002 साली डेट्रॉइटच्या बेल आइल मत्स्यालयात नराशिवाय पिल्लं निघाली होती. त्यामुळे ती टाकून देण्याआधी मी डब्यात ठेवली आणि रात्री टॉर्च मारला. बलक, बाकी काही नाही. सातव्या आठवड्यात बलक गढूळ झाला, वास यायला लागला, टाकून दिली.

त्यानंतर ती घालतेच आहे. आत्ता डब्यात दोन आहेत, तिसऱ्या आठवड्यातली. मी टॉर्च मारणं सोडलंय. दुपारी सगळे झोपल्यावर आई माझा जुना मोबाइल घेऊन डब्यामागे उभी असते, आणि मी आलो की पदराने काच पुसायला लागते.