गाऊ नका, बोला

भाऊ विचारतो, मावशी विचारते, ऑफिसातली मैत्रीण तर माझ्या गाडीत बसली की विचारतेच: "बापानं दारूपायी घराचं वाटोळं केलं, आणि तू त्या अमेरिकन दारुड्याची गाणी लावतेस? ऐकवतात कशी गं तुला?" दारुडा म्हणजे जॉर्ज जोन्स, टेक्सासचा, कंट्री, म्हणजे तिकडची गावाकडची गाणी, गाणारा. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एकदाच.

त्याचं सगळं मला माहीत आहे. ठरलेल्या कार्यक्रमांना दांड्या मारायचा म्हणून लोक त्याला 'नो शो जोन्स' म्हणायचे. एकट्या १९७९ साली ५४ कार्यक्रम बुडवले म्हणतात. टॅमी वायनेट, स्वतः केवढी मोठी गायिका, तिच्याशी १९६९ ला लग्न, १९७५ ला काडीमोड. त्याचाही बाप रात्री पिऊन यायचा, पोराला झोपेतून उठवून गायला लावायचा, नाही गायला तर मार. हे ऐकलं की लोक 'अरेरे' करतात आणि त्याला माफ करून मोकळे होतात. मी नाही करत. मार खाल्लेली सगळीच पोरं बाटली धरत नाहीत. आम्ही दोघा भावंडांनी नाही धरली.

मला खरी चीड आहे ती गवत कापायच्या यंत्राची. टॅमीच्या आधीच्या बायकोनं, शर्लीनं, सगळ्या गाड्यांच्या किल्ल्या लपवल्या, तर हा बागेतल्या यंत्रावर बसून आठ मैलांवरच्या बोमाँटला दारू आणायला निघाला. चाहते हा किस्सा पोट धरून सांगतात. पुढं एका व्हिडिओत त्यानं स्वतःच त्याची गंमत केली. किल्ल्या लपवताना शर्लीचे हात कापत होते का, ते किश्शात येत नाही.

आमच्याकडं लुना होती. आईनं किल्ली ज्वारीच्या डब्यात खुपसली. मी आठवीत. आप्पांनी डबे उपडे केले नाहीत, आईला हात लावला नाही, हे त्यांच्या बाजूनं लिहून ठेवते. त्यांनी माझी सायकल काढली. लाल, लेडीज, पुढं बास्केट. गुडघे हँडलला लागत होते. अख्खी गल्ली ओट्यावर आली बघायला. कुणीतरी शिट्टी मारली, आप्पांनी घंटी वाजवून उत्तर दिलं. गल्ली हसली. मीही हसले. ते हसणं अजून सलतं.

रात्री अकराला कोपऱ्यावरून अभंग ऐकू आला. आप्पा भजनी मंडळात म्होरक्या होते, आणि प्यायल्यावर त्यांचा सूर तसूभर हलायचा नाही, उलट खुलायचा. एवढं स्वच्छ गातायत म्हणजे घेतली नसणार, नुसते फिरून आले असणार, असं वाटून मी कडी काढायला धावले. आईनं दंड धरला. दाराच्या आतूनच म्हणाली, "गाऊ नका. बोला."

अभंग थांबला.

"बोला काहीतरी. पोरीचं नाव घ्या."

माझं नाव तीन अक्षरांचं आहे. तिसरं अक्षर त्यांना जमलंच नाही.

सकाळी सायकल दारात होती, बास्केट चेपलेलं. महिनाभर मी शाळेत चालत गेले.

आता जोन्स. त्यानं आत्मचरित्रात लिहिलंय की पिऊन गाणं त्याला जन्मभर जमलं, लाखो लोक फसले. पण पिऊन बोलायला गेला की जीभ जड. त्याच्या १९८० सालच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्यात मधे चार ओळी नुसत्या बोलायच्या आहेत. बाकी गाणं झालं, पण त्या चार ओळींसाठी निर्माता बिली शेरिल, जोन्स शुद्धीत सापडायची कितीतरी महिने वाट बघत बसला. हे वाचलं आणि पुस्तक पालथं घालून आईला फोन लावला. काय बोलावं सुचेना, म्हणून गॅसचा नंबर लावलास का एवढंच विचारलं.

पूर्वी मी तुम्हाला ऐटीत सांगायचे, कलाकार वेगळा, माणूस वेगळा. थाप होती. गळा तर एकच असतो. मग माफ केलंस का, म्हणाल. कुणाला? जोन्सनं १९९९ च्या गाडीच्या अपघातानंतर सोडली आणि २०१३ पर्यंत जगला. आप्पांनी सोडली नाही. याचा राग मी जोन्सवर काढते की काय, असंही वाटतं कधी. आणि तरी ऐकते, कारण नुसत्या गाण्यावरून मला अजून ओळखता येत नाही, हा घेतलेला आहे की नाही. तेच शोधत असेन. किंवा नसेनही, गाणी चांगली आहेत हो, तेवढंही कारण पुरावं.

गेल्या दिवाळीत आई मागच्या सीटवर होती. तेच गाणं लागलं. तिला इंग्रजीचा गंध नाही, आणि हा कोण, काय, मी तिला कधी सांगितलेलं नाही. चार ओळी आल्या. ती खिडकीतून उसाच्या ट्रॉल्या बघत होती.

"इथं शुद्धीत आहे हा," म्हणाली. आणि मग, "काच वर कर, धूळ येतीय."