कुळागराच्या सावलीतला अनंत : आमच्या रोपवाटिकेची वाटचाल

सावंतवाडी तालुक्यात, आंबोली घाटाच्या पायथ्याशी असलेली आमची रोपवाटिका वडिलांनी सुरू केली ती आंबा आणि काजूच्या कलमांसाठी. वेंगुर्ला-7 या काजूच्या जातीला त्या वेळी चांगली मागणी होती आणि तीवर घर चालत होते. पुढे मात्र आसपास इतक्या रोपवाटिका झाल्या, की कलमाचा भाव उत्पादनखर्चाला टेकला. वडिलांच्या पश्चात मी आणि माझ्या पत्नीने कारभार हाती घेतला, तेव्हा ज्या झाडाकडे कोणी विक्रीचा माल म्हणून पाहत नव्हते, त्या अनंताकडे आम्ही वळलो. आज आमच्या उत्पन्नाचा मोठा भाग या एकाच झुडपातून येतो.

अनंत मूळचा दक्षिण चीन आणि त्याच्या आसपासच्या प्रदेशातला. कॉफीच्या कुळातले हे झुडूप आमच्या भागात इतके रुळले आहे, की ते बाहेरचे असेल असे कोणाच्या मनातही येत नाही. दक्षिण कोकणात आणि गोव्यात माड-पोफळींच्या बागेला कुळागर म्हणतात. तिथे पाटाचे पाणी खेळत असते, वर झावळ्यांची विरळ सावली असते आणि खाली पातेऱ्याचा जाड थर कुजत असतो. वर्षाला 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडत असल्याने मातीतला चुना, मॅग्नेशियम आणि इतर क्षार धुऊन जातात आणि मागे उरते ती लोहाने भरलेली, आम्लधर्मी तांबडी माती. अनंताला मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा; 7 च्या खाली माती आम्ल) साधारण 5 ते 6 या दरम्यान लागतो; आमच्या मातीची तपासणी करून घेतली, तेव्हा अहवालातला आकडा त्याच पट्ट्यात आला. थोडक्यात, जे इतरांना मुद्दाम तयार करावे लागते ते आम्हांला जमिनीनेच दिलेले होते.

या झाडाची दुसरी खुबी त्याच्या फुलण्याच्या वेळेत आहे. मोगऱ्याचा उन्हाळी बहर ओसरू लागतो, वळवाच्या एक-दोन सरी पडून जातात आणि मग सावलीतला अनंत फुलू लागतो. आमच्याकडे तो आषाढात भरात असतो आणि श्रावणातही तुरळक फुले देतो. फूल उमलते तेव्हा शुभ्र असते आणि दोन-तीन दिवसांत लोण्यासारखे पिवळसर होत जाते. केसांत एकच फूल माळले तरी पुरते. मात्र व्यापाराच्या दृष्टीने ही उशिराची फुलवण अडचणीची आहे. गिऱ्हाईक बहुधा फूल पाहून रोप घेते आणि शहरांतली विक्री हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला चालते. त्या दिवसांत आमचे झाड नुसतीच हिरवीगार, चकचकीत पाने दाखवत उभे असते.

रोपे तयार करणे त्या मानाने सरळ आहे. पावसाळ्यात, नवी फूट अर्धवट पिकली की बोटभर लांबीचे छाटे घ्यावेत, खालची पाने काढून टाकावीत, टोकाला आयबीएची (मुळे फुटण्यास मदत करणाऱ्या संजीवकाची) पावडर लावावी आणि धुतलेल्या कोकोपीटमध्ये ते खोचावेत. 6 ते 8 आठवड्यांत मुळे धरतात. यातला ‘धुतलेल्या’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण कोकोपीट ज्यांपासून होते ती किनाऱ्याकडची नारळाची सोडणे बहुधा खाडीच्या पाण्यात कुजवलेली असतात आणि त्यांच्या भुश्शातला खारटपणा कोवळ्या मुळांना सोसत नाही. छाट्यांवर 50 टक्के सावलीची शेडनेट असते. रोपे मोठी होऊ लागली की आम्ही ती पोफळींच्या खाली हलवतो. मुळांशी सतत ओल हवी, पण पाणी साचलेले चालत नाही. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो, ती स्थिती या झाडाला बारा महिने लागते.

खरी परीक्षा घाट ओलांडल्यावर झाली. पुणे, सातारा आणि कोल्हापूर या भागांतून मागणी येऊ लागली, रोपे टेम्पोने जाऊ लागली आणि काही महिन्यांतच पाने पिवळी पडल्याचे फोन सुरू झाले. आम्ही छायाचित्रे मागवली. जवळजवळ सगळ्यांत एकच चित्र होते : शेंड्याकडची कोवळी पाने पिवळी आणि त्यांवर शिरांचे हिरवे जाळे. जुनी, खालची पाने अधूनमधून पिवळी होऊन गळणे ही या झाडाची रीतच आहे, त्यात काळजीचे काही नाही. शेंड्याचा पिवळेपणा मात्र लोहाच्या कमतरतेचा असतो. आता घाटावरच्या मातीत लोह कमी असते असे मुळीच नाही. पण काळ्या जमिनीत चुनखडी असते, सामू 8 च्या घरात जातो आणि अशा मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. त्यात बोअरचे किंवा टँकरचे जड, क्षारयुक्त पाणी पडत राहिले, की आम्ही दिलेली आम्ल मातीसुद्धा हळूहळू विम्लधर्मी होते. खडकवासल्याचे नळाचे पाणी घालणाऱ्यांच्या तक्रारी बोअरवाल्यांच्या तुलनेत कितीतरी कमी होत्या, त्यावरून आम्हांला हा धागा सापडला.

तेव्हापासून आमचा धंदा केवळ रोपांचा राहिला नाही. चौकशी आली की आम्ही पहिल्यांदा मातीबद्दल विचारतो. वाळलेल्या मातीच्या ढेकळावर थोडे व्हिनेगर टाकायला सांगतो. ती फसफसली तर तिच्यात मुक्त चुना आहे असे समजून जमिनीत लावण्याचा नाद सोडावा आणि कुंडीच घ्यावी, असा सल्ला देतो. अशा जमिनीत गंधक घालून सामू उतरवण्याचा प्रयत्न सहसा फुकट जातो, कारण आधी सगळा चुना संपावा लागतो. कुंडीसाठी तांबडी माती, कोकोपीट आणि पोफळीखालचा कुजलेला पातेरा यांचे मिश्रण आम्ही पिशव्यांत भरून देतो. घाटावर जाणाऱ्या टेम्पोत हल्ली रोपांपेक्षा या पिशव्यांचे वजन जास्त भरते. कुंडी सिमेंटची नको आणि ती नव्या गिलाव्याच्या भिंतीला टेकवूनही ठेवू नये, कारण दोन्हींतून चुना झिरपतो.

पिवळ्या पानांवर हिराकशीचा, म्हणजे लोहाच्या सल्फेटचा, सल्ला सगळेच देतात, पण चुनखडीच्या मातीत तिच्यातले लोह लगेच निरुपयोगी रूपात जाते. चिलेटेड लोह, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रसायनाने धरून ठेवलेले लोह, घ्यायचे झाले तरी पाकिटावरचे त्या रसायनाचे नाव वाचावे लागते : ईडीटीएचे लोह सामू साडेसहाच्या वर फारसे टिकत नाही, डीटीपीएचे सातच्या थोडे पुढेपर्यंत चालते आणि ईडीडीएचएचे महाग असले तरी आठ-नऊलाही काम देते. पाण्याचा जडपणा मारण्यासाठी 10 लिटर पाण्यात 2 ग्रॅमच्या आसपास सायट्रिक आम्ल टाकण्यापासून सुरुवात करावी आणि सामूची पट्टी बुडवून प्रमाण ठरवावे. पावसाचे पाणी साठवता आले तर यातले काहीच करावे लागत नाही. उरलेला चहाचा चोथा घालण्याची हौस अनेकांना असते. दूध-साखरेचा चोथा मुंग्या आणतो, यापलीकडे त्याचा विशेष परिणाम आम्हांला दिसलेला नाही. चुलीतली राख मात्र अनंताला कटाक्षाने घालू नये, कारण ती माती आम्लाकडून उलट दिशेला नेते.

सकाळचे कोवळे ऊन आणि दुपारची सावली एवढी जागा मिळाली, की झाड फुलते. तरीही कळ्या गळतात, अशी तक्रार येतेच. पाणी कधी उदंड तर कधी नाहीच, कोरडी गरम हवा, उष्ण रात्री किंवा कळ्या धरलेली कुंडी इकडून तिकडे हलवणे, यांपैकी काहीतरी कारण असते. छाटणी बहर संपताच करावी. दिवाळीनंतर कात्री चालवली तर पुढच्या हंगामाच्या कळ्यांची टोकेच कापली जातात. पिठ्या ढेकूण आणि त्यामागून येणारी काळी बुरशी यांच्यावर नजर ठेवावी लागते.

चैत्र-वैशाखात आम्ही घाटावर रोपे पाठवत नाही. ऐन उन्हाळ्यात प्रवास करून गेलेले रोप कळ्या टाकते आणि गिऱ्हाईक नाराज होते, म्हणून नोंदणी करून घेतो आणि मृगाचा पाऊस स्थिरावल्यावर माल रवाना करतो. त्यामुळे उन्हाळ्यात हाती रोकड कमी राहते. ती उणीव काजूची कलमे अजूनही भरून काढतात आणि म्हणूनच वडिलांनी लावलेली मातृवृक्षांची बाग आम्ही मोडलेली नाही. सध्या एकेरी पाकळ्यांच्या अनंताची रोपे वाढवण्याचे काम चालू आहे. बागांतल्या दुहेरी अनंताला सहसा फळ धरत नाही. एकेरीला धरते आणि त्याच्या नारिंगी फळात केशराला रंग देणारेच क्रोसिन असते. चीन आणि जपानमध्ये त्यापासून पिवळा रंग काढतात. आपल्याकडे त्याला गिऱ्हाईक मिळेल की नाही हे पाहायचे असल्याने सुरुवातीला कुळागराच्या पाटालगतची एकच ओळ त्यासाठी राखली आहे.