शिट्टी

कॅसेटवर निळ्या शाईनं लिहिलं होतं, ‘कीर्तन, पूर्वरंग’. घेऊन आलेल्या ताई म्हणाल्या, "आजोबांच्या बाकी सगळ्या कॅसेटी चांगल्या आहेत, ही एकच बाद झालीय. मध्येच कर्कश आवाज सुरू होतो. तेवढा काढता आला तर बघा."

जुन्या ध्वनिमुद्रणांच्या डिजिटल प्रती करणं हे माझं रोजचं काम. बुरशी, ताणलेली टेप, पंख्याची घरघर, सगळं पाहून झालंय. कॅसेट लावली. झांजा, पेटी, आजोबांचं रंगात आलेलं निरूपण. मग खट्, आणि एक लांब, सरळ शिट्टी. पाच सेकंद. एवढासा चरचराट, क्षणभर शांतता, पुन्हा शिट्टी, आणि त्यानंतर न थांबणारी किरकिर.

मी डेक बंद केला. ही शिट्टी मी लहानपणी मावसभावाकडे शेकडो वेळा ऐकली होती. हा बिघाड नव्हता. कुणीतरी आजोबांच्या कीर्तनावर स्पेक्ट्रम या जुन्या घरगुती संगणकाचा गेम भरला होता.

सिंक्लेअरचा झेडएक्स स्पेक्ट्रम ब्रिटनमध्ये १९८२ साली आला. १६ केबी मेमरीचा १२५ पौंडांना, ४८ केबीचा १७५ पौंडांना. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या डेसिबेल्स कंपनीनं परवाना घेऊन तो ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ नावानं आपल्याकडे आणला. त्याला ना हार्ड डिस्क, ना फ्लॉपी. घरचा टीव्ही हा पडदा आणि घरचा टेपरेकॉर्डर ही साठवण. गेम म्हणजे अक्षरशः आवाज: शून्यासाठी आखूड लाट, एकासाठी तिच्या दुप्पट लांब. ४८ केबी भरायला चार-पाच मिनिटं लागायची आणि तेवढा वेळ टीव्हीच्या कडेनं निळे-पिवळे पट्टे सरसरत राहायचे. भजनाची कॅसेट ज्या दोन कप्प्यांच्या डेकवर उतरवायची, त्याच डेकवर गेमही उतरायचा. या स्वस्ताईनंच पोरांना दार उघडून दिलं असं मी मानतो. ‘मॅनिक मायनर’ हा गेम १९८३ साली आला तेव्हा तो लिहिणारा मॅथ्यू स्मिथ १७ वर्षांचा होता. जेमतेम पिपाणीसारखा आवाज काढणाऱ्या त्या यंत्रावर त्यानं खेळ चालू असतानाच पार्श्वसंगीत वाजवलं. मला आजही ते थोर वाटतं.

ताईंना फोन करून आधी वाईट बातमी सांगितली, की त्या किरकिरीखालचं कीर्तन गेलं, ते परत येणार नाही. मग म्हटलं, "पण वर जे आहे ते पुसू नका. मला एक दिवस द्या."

किरकिर संगणकात घेतली, स्पेक्ट्रमची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामला दिली. ‘टेप लोडिंग एरर’. पुन्हा दिली, पुन्हा तेच. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी पडताळणीचा एक बाइट असतो, एक लाट जरी चुकीची वाचली तरी सगळं फुकट. कीर्तनाला जुळलेला, टेप वाचणाऱ्या हेडचा कोन इथे चालत नव्हता, म्हणजे हे दुसऱ्या टेपरेकॉर्डरवर भरलेलं होतं. हेडशेजारचा बारीक स्क्रू केसभर फिरवायचा, ऐकायचं, परत फिरवायचा. किरकिर काचेसारखी धारदार झाली तेव्हा थांबलो. या वेळी पडद्यावर ‘मॅनिक’ आणि ‘मायनर’ हे दोन शब्द आलटून पालटून उघडमीट करू लागले. बाजारचा गेम, कुणाकडून तरी उतरवून घेतलेला.

त्यामागे आणखी एक छोटा तुकडा होता, जेमतेम अर्ध्या मिनिटाचा. त्याचं नाव पडद्यावर आलं, रोमन अक्षरांत: ‘सापशिडी’. हा विकतचा नव्हता. बेसिक या सोप्या प्रोग्रामिंग भाषेत घरी लिहिलेला, साप आठ बाय आठच्या ठिपक्यांत हातानं काढलेले.

स्पेक्ट्रमवर आरचं बटण दाबलं की ‘रन’ हा अख्खा शब्द उमटतो. तो दाबून एंटर करणार, एवढ्यात तुकड्याच्या सुरुवातीच्या माहितीकडे नजर गेली. एकूण लांबी प्रोग्रामच्या लांबीपेक्षा जास्त होती. स्पेक्ट्रम सेव्ह करताना प्रोग्रामसोबत त्या क्षणाची चलंही, म्हणजे प्रोग्रामनं लक्षात ठेवलेले आकडे आणि नावंही, साठवतो, आणि ‘रन’ केलं की ती पुसली जातात. म्हणजे टेपवर नुसता खेळ नव्हता, एक चालू डाव होता. हात मागे घेतला. प्रोग्रामची यादी वाचून चलांची नावं शोधली आणि एकेक छापून पाहिलं. खेळाडू पहिला: ‘आई’. घर ८७. खेळाडू दुसरा: ‘मी’. घर ३४.

ताई संध्याकाळी आल्या. बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत बसल्या, मग त्यांनी मामांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. मामा आधी हसले. मग म्हणाले, "जेवायला हाक मारली म्हणून आईनंच ठेवून द्यायला लावलं होतं. तिला जिंकायचं होतं."

थोडं थांबून त्यांनी विचारलं, "फासा कुणाकडे आहे?"

मी शेवटचं चल छापलं. एक.

"आजीकडे," ताई म्हणाल्या.